मेन बंद केलंस मा?

मी जर्मनीला निघाले त्या दिवशी बाबा घरातून दोनदा बाहेर पडले. पहिल्यांदा त्यांनी माझी मोठी बॅग रिक्षात ठेवली, आईला आणि मला बसवलं, स्वतः चालकाच्या शेजारी दाटीवाटीने बसले. रिक्षा आचऱ्याच्या तिठ्यापर्यंत आली आणि त्यांनी चालकाच्या खांद्यावर हात ठेवला. मेन बंद केल्याचं त्यांना आठवत नव्हतं. मेन म्हणजे घराचा मेन स्विच, पडवीच्या भिंतीवरच्या लोखंडी पेटीतला. आई म्हणाली, केलात तुम्ही, मी या डोळ्यांनी बघितलंय. बाबांचं म्हणणं, तू बघितलं असशील, पण खटका ज्याच्या हाताने खाली येतो त्यालाच तो आठवायला हवा. रिक्षा मागे वळली. मेन अर्थातच बंद होतं.

कणकवलीला पोचलो तेव्हा गाडी फलाटावर उभी होती, त्यामुळे रीतसर निरोप असा झालाच नाही. मी पळत डब्यात चढले, बाबांनी बॅग मागून ढकलली, आई खिडकीशी येऊन धापा टाकत म्हणाली, "पोचल्यार कळय गो." गाडी हलली तसे बाबा खिडकीच्या गजाला धरून चालायला लागले. मला वाटलं, मुलगी पहिल्यांदाच परदेशी चालली आहे, आता काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "थंय भायर पडताना मेन बंद करीत जा." आणि हात सोडला.

तुमच्यापैकी जे कोणी माझ्यासारखे जिल्ह्याच्या वेशीवरचा खारेपाटणचा पूल ओलांडून गेले आणि परत यायचे राहिले, त्यांना अशी एखादी सूचना नक्की मिळाली असेल. कुणाला लोणच्याच्या बरणीबद्दल, कुणाला गार पाण्याबद्दल. आणि जे मागे राहिले त्यांनी ती दिली असेल. मला आज त्या सूचनेबद्दलच लिहायचं आहे, कारण मागच्या वर्षी तिने माझा एक पक्का बेत उधळून लावला.

आमच्या घराण्यात जमीन बेताचीच, काळजी मात्र भरपूर, आणि ती सगळ्यांना सारखी वाटून मिळाली आहे. माझे आजोबा गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके होते. नारळी पौर्णिमेनंतर निघायचे, पावसाच्या आधी परतायचे. एका वर्षी मंगळुरी कौलं आणायला गेलेलं त्यांचं गलबत परत आलंच नाही. बाबा तेव्हा शाळेत जाणारं पोर होते. आजी रोज संध्याकाळी त्यांचा हात धरून बंदरावर जायची आणि दोघं तशीच परत यायची. हे किती महिने चाललं ते बाबांनी कधी सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की त्यांनी तिथेच ठरवलं, समुद्रावर जायचं नाही, जमिनीवरचा धंदा करायचा. मग ते वीज खात्यात लाइनमन झाले आणि उभा जन्म वादळवाऱ्यात खांबावर चढत राहिले. मग बंदराऐवजी आई घरापुढच्या खळ्यात उभी राहून वाट बघायची, मी तिच्या पदराशी. काळजी करायला जागा तेवढी बदलली होती.

घरातलं पहिलं वायरिंग बाबांनी स्वतः केलं. लाकडी बोर्ड, चिनीमातीचे फ्यूज, आणि शेजारी तो काळा मेन स्विच, बाजूला लोखंडी खटका असलेला. खटका वर केला की घर जागं व्हायचं. त्याला आम्ही पोरांनी हात लावायचा नाही असा दंडक होता. मी पदार्थविज्ञानाकडे कशी वळले, असं तिकडे लोक विचारतात तेव्हा मी पुस्तकातलं काहीतरी सांगते, पण खरं कारण तो खटका असावा. ज्याला हात लावू देत नाहीत त्याच्या आत काय आहे, ही खुमखुमी मला फार लहानपणी लागली.

आता गावपळणीबद्दल. आचऱ्यासारखीच आमच्या गावातही दर काही वर्षांनी गावपळण होते. देवाचा कौल झाला की ठरल्या दिवशी सगळं गाव, माणसं, गुरं, कुत्री, डालग्यात घातलेल्या कोंबड्या, घराला कडी लावून वेशीबाहेर पडतं. शेजारच्या गावाच्या माळावर माडाच्या झापांच्या रावट्या घालायच्या आणि तीन दिवस, तीन रात्री तिथे राहायचं. हिंदू असो, मुसलमान असो, सगळेच निघतात. त्या दिवसांत गावात कुणी पाऊल टाकत नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घ्यायचा. देवाने परवानगी दिली तर परत, नाहीतर मुक्काम वाढला. यात भीती आहे आणि सहलही आहे. दगडांच्या चुलीवरची पेज आणि जळक्या सुक्या बांगड्याची चव मी सगळ्या जगात शोधली, सापडली नाही.

मी लहान असताना अशाच एका पळणीत दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या वाडीच्या दिशेने धूर दिसला. सगळं गाव वेशीवरच्या व्हाळाकाठी, म्हणजे ओढ्याकाठी, येऊन उभं राहिलं. धूर रझाकचाचांच्या घराच्या अंगाला होता. रझाकचाचा म्हणजे बाबांचे शाळेपासूनचे दोस्त, मासळीचा व्यापार करायचे. आत जायचं की नाही यावर जाणती माणसं बोलत राहिली आणि बोलेपर्यंत धूर विरला. चौथ्या दिवशी कळलं की रिकामा गोठा जळला होता, मेन चालू राहिलं होतं आणि उंदराने वायर कुरतडली होती. जीव कुणाचा गेला नाही. पण त्यानंतरच्या प्रत्येक पळणीला सकाळी बाबा वाडीतल्या एकेका घरात जायचे आणि स्वतःच्या हाताने मेन बंद करायचे. वाडीतून सगळ्यात शेवटी बाहेर पडणारा माणूस माझा बाप असायचा. आम्ही व्हाळापलीकडे उभ्या राहून वाट बघायचो. ते येताना दिसले की आई दुसरीकडे बघायची, जणू वाट बघतच नव्हती.

जर्मनीतल्या ज्या गावात मी राहते तिथे सगळं वेळेवर असतं. डॉक्टरकडे जायचं तर टेर्मिन घ्यावी लागते, म्हणजे आधी ठरवलेली वेळ, मैत्रिणीकडे जायचं तरी टेर्मिन. मी तिथे आधी शिकले, मग एका संशोधन संस्थेत लागले. माझं काम थंडीचं आहे. काही धातू फार थंड केले की त्यांच्यातून वीज काहीही अडथळा न होता वाहायला लागते. हे फोनवर बाबांना समजावलं तेव्हा त्यांनी ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे तार तापणाच नाय?" नाही तापत म्हटल्यावर त्यांनी ते रझाकचाचांना जाऊन सांगितलं, आणि चाचांनी बाजारात. पुढे वर्षभर मला गावातून विचारणा होत होती की ती न तापणारी तार आपल्याकडे कधी येणार.

फोन दर रविवारी. बोलणं आईशी व्हायचं, जेवलंस काय, थंडी किती, आंबा मोहरला, शेजारच्या चुलतवहिनीचे गुडघे दुखतात. शेवटी बाबा रिसीव्हर घ्यायचे आणि एकच विचारायचे, "मेन बंद केलंस मा?" म्हणजे सुट्टीत कुठे जाऊन आलीस तेव्हा. आमच्या इमारतीत मेन बंद करणं हा वेडेपणा आहे. फ्रिज बंद पडेल, इंटरनेट बंद पडेल. लॅबचं तर बोलायलाच नको, तिथे वीज गेली तर चुंबक तापून कित्येक आठवड्यांची मेहनत पाण्यात. हे कोण समजावत बसणार? मी म्हणायची, "केलंय, बाबा." ते म्हणायचे, "बरां." आणि फोन ठेवायचे.

मग आई गेली. मी पोचले तेव्हा तिला नेऊन झालं होतं. त्यावर मी आत्ताही लिहू शकत नाही, म्हणून पुढे जाते.

आई गेल्यावर बाबांची आठवण हळूहळू विस्कटायला लागली. आधी नावं गेली, मग वार गेले. शेजारच्या घरात माझा चुलतभाऊ बाळादादा आणि वहिनी राहतात. त्यांनी बाबांचं सगळं केलं, कुरकुर न करता. बाळादादा दर रविवारी मोबाइलवर बाबांचा चेहरा दाखवायचा. बाबा माझ्याकडे बघायचे, हसायचे, आणि कधीकधी पाहुण्याशी बोलावं तसं आदराने बोलायचे. मी फोन ठेवल्यावर तशीच बसून राहायची. फोन वाजला तरी भीती आणि वाजला नाही तरी भीती. ज्यांचे आईबाप लांब आहेत त्यांना हे सांगायला नको.

मागच्या वर्षी वहिनीच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं ठरली. त्यासाठी ती आणि बाळादादा काही महिने कुडाळला लेकीकडे राहणार होती. बाबांना बघायला कुणी नाही. मी ठरवलं, त्यांना जर्मनीला न्यायचं. आधी पाहुणे म्हणून, मग पुढचं पुढे. दिवाळीच्या आधी आले, डोळे तपासायचे म्हणून त्यांना मुंबईला घेऊन गेले आणि त्यातच व्हिसाचंही काम उरकलं. सगळं जमलं. निघायच्या दिवशी बाबा उंबऱ्यावर बसले. उठेनात. घर कोण बघणार, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. मी समजावलं, चिडले, रडले. बाळादादाने उचलायला हात पुढे केला तेव्हा त्यांनी दाराची चौकट असा काही आवळून धरली की माझाच धीर सुटला. मी एकटी परत गेले, वहिनीने ऑपरेशनं पुढे ढकलली.

देवदिवाळी झाली आणि बाळादादाचा फोन आला. पळणीचा कौल झालेला. फोनवर तो दुसरंच काहीतरी बोलत होता, आणि माझ्या डोक्यात मात्र प्रयोगाची मांडणी सुचावी तशी एक कल्पना सुचली. बाबा घर सोडायला तयार नाहीत. पण पळणीला ते आपणहून सोडतात. देवाने सांगितलंय म्हटल्यावर कडी लावतील, मेन बंद करतील आणि मुकाट बाहेर पडतील. मग त्यांना घरी परत नेण्याऐवजी माळावरच्या रावटीतूनच गाडीत बसवायचं आणि थेट गोव्याचा विमानतळ. घराबाहेर काढण्याचा झगडाच नको. मी रजा टाकली, तिकिटं काढली, आणि बाळादादाला सांगितलं की बाबांचा पासपोर्ट आणि गरम कपडे पळणीच्या सामानात घाल.

तो लगेच हो म्हणाला नाही. म्हणाला, "पळणीक भायर पडलेलो माणूस परतान घरात येवक व्हयो गो. तेच्याशिवाय पळण पुरी होवची नाय." मी म्हटलं, मग दुसरा उपाय सांग. दुसऱ्या दिवशी त्याने पासपोर्ट सामानात घातल्याचं कळवलं.

मी पोचले ती थेट माळावर. इतकी वर्षं परदेशातून आले ती आधी घरीच आले होते, यावेळी घर व्हाळापलीकडे होतं आणि मला तिथे जायची मुभा नव्हती. उंच माडांवरून आमची वाडी ओळखू यायची, तेवढंच. मी विज्ञानाची माणूस, देवाने गाव रिकामं करायला सांगितलं हे मला पटवून घेता येत नाही. पण व्हाळावरच्या साकवावर, त्या छोट्या पुलावर, पाय ठेवून बघावा असंही मला एकदाही वाटलं नाही.

बाबा रावटीत खुशीत होते. रझाकचाचा शेजारच्याच रावटीत होते, तेही आता काठी घेऊन चालतात. दोघं झाडाखाली खाटेवर बसून कुठल्यातरी जुन्या पळणीबद्दल बोलायचे, ती चाचांना आठवायची आणि बाबा मान डोलवायचे. मला बाबांनी ओळखलं नाही. म्हणजे वाईट वागले असं नाही. मी पेज दिली की "खाल्लात तुमी?" असं विचारायचे. पोटच्या लेकीला 'तुमी'. रात्री मी त्यांच्याजवळ झोपायची आणि त्यांचा श्वास चालू आहे ना ते ऐकत राहायची. विमानात ते घाबरले तर काय, तिथल्या बर्फात दार उघडून बाहेर गेले तर काय, जिथे एकही शब्द कळत नाही तिथे कुणाला काय विचारतील, हे सगळं डोक्यात फिरत असायचं. आणि नाही नेलं तर काय, हेही.

तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी येणार होती. सकाळी मी बाबांना आंघोळ घातली, नवीन स्वेटर चढवला. इतक्या उन्हात स्वेटर बघून चाचा हसले, आणि मग हसायचे थांबले, कारण त्यांना समजलं. बाळादादाने त्यांना काही सांगितलं नव्हतं. चाचा माझ्याकडे न बघता म्हणाले की दोस्ताला निरोप द्यायला तरी वेळ ठेव. मी बॅगा भरायला आत गेले. बाहेर आले तेव्हा खाट रिकामी होती. चाचांचा डोळा लागला होता आणि बाबा नव्हते.

आधी आम्ही माळावर शोधलं. एकेका रावटीत डोकावलो, गुरं बांधली होती तिथे बघितलं, विहिरीत वाकून बघितलं. मग सगळ्यांच्या मनात एकच विचार आला. बाबा गावात गेले असणार. मेन बघायला गेले असणार. यावेळी वाडीतल्या घरांची मेनं बंद करायला बाळादादा गेला होता, बाबांना नेलं नव्हतं. रिकाम्या गावात, आठवण नसलेला म्हातारा माणूस, आणि त्याच्या मागे जायची कुणाला परवानगी नाही. जाणती मंडळी जमली. लहानपणी धूर बघत उभी होती तशीच. बाळादादाच्या कपाळावर घाम होता. तो म्हणाला, "मी जातंय. देव काय करील ता करील." वहिनीने त्याचा हात धरला. मी म्हटलं, बाप माझा आहे, मी जाईन. आणि कुणी काही म्हणायच्या आत व्हाळाकडे पळत सुटले.

साकवाच्या अलीकडे, जांभळाच्या बुंध्यापाशी, बाबा उभे होते. पलीकडे एक पाऊल टाकलं की गाव. ते पाऊल त्यांनी टाकलं नव्हतं. स्वेटरच्या बाह्या वर सारलेल्या, चेहरा घामाने डबडबलेला, नजर वाडीच्या माडांवर. मी धापा टाकत जवळ गेले आणि त्यांचा हात धरला.

"आत नाय गेलात?" मी कसंबसं विचारलं.

"आत कसो जातलंय? कौल खंय झालो अजून?" मग माझ्याकडे नीट बघून, अनोळखी बाईला सांगावं तसं हळू आवाजात म्हणाले, "बाय, माझा चेडू थंय लांब आसता. जर्मनीक. घाईघाईत भायर पडला असतला, मेन बंद करूचा ऱ्हवला असतला. तेका सांगूक व्हया. पण फोन घरात आसा."

तो पडवीतला लँडलाइन कधीच बंद झाला आहे. पण ते मला नंतर सुचलं. त्या वेळी मला एवढंच कळलं की हा माणूस आपलं घर बघायला निघालाच नव्हता. वार गेले, नावं गेली, मुलीचा चेहरा गेला, तरी मुलीच्या घराचं मेन त्याच्या डोक्यात अजून चालू होतं. मी तिथेच मातीत बसले आणि तोंडावर पदर घेऊन रडले. बाबा बिचारे गोंधळून म्हणाले की रडू नका, काहीतरी मार्ग निघेल.

मी खिशातून, म्हणजे कमरेला खोचलेल्या पिशवीतून, मोबाइल काढला. जर्मनीत सकाळ झाली होती. खालच्या मजल्यावर ब्रिगिटे राहते, निवृत्त नर्स. झाडांना पाणी घालायला माझी किल्ली तिच्याकडे असते. तिला मी सांगितलं, माझ्या घरात जा आणि सगळी वीज बंद कर. ती घाबरली, आग लागली आहे का म्हणाली. नाही म्हटलं. मग फ्रिजमधल्या वस्तूंचं काय? तू घे, म्हटलं, फ्रिजचं दार उघडं ठेव. तिने कारण विचारलं तेव्हा मी सांगितलं की माझ्या वडिलांना काळजी वाटते. त्यावर ती किल्ली घेऊन वर गेली. थोड्या वेळाने तिने कॅमेरा चालू करून दाखवलं. अंधारा पॅसेज, भिंतीतली पेटी, ओळीने खाली आलेले खटके.

बाबांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. एकेक खटका बघितला, जसा ते पूर्वी दुसऱ्यांच्या घरात जाऊन बघायचे. मग श्वास सोडला आणि खांदे खाली आले.

"बरां झाला," ते म्हणाले. "तुमचे उपकार झाले, बाय."

गाडी आली होती. मी चालकाला परत जायला सांगितलं. बाळादादाने विचारलं, आता काय? मी म्हटलं, उद्याचा कौल बघू. तो माझ्याकडे बघतच राहिला, कारण असं वाक्य माझ्या तोंडून त्याने कधी ऐकलं नव्हतं.

मला आयुष्यात पुष्कळ निकालांची धास्ती वाटली आहे, परीक्षांची, व्हिसाची, मापनाच्या आकड्यांची. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर गाव गोळा होऊन कौल मिळाला की वाजणाऱ्या देवळाच्या ढोलाची वाट बघत होतं तेव्हा जी वाटली ती निराळीच. देव परवानगी देईलच असं नसतं. आपण जे गाव सोडून गेलो त्यांनी कुठल्याही देवाला विचारलं नव्हतं, आणि परतायचं कधी तेही कुणी सांगितलं नव्हतं, हे मला तिथे उभं राहून लख्ख दिसलं. मग ढोल वाजला. बायकांनी डालगी डोक्यावर घेतली, गुरं आपणच वाटेला लागली. चाचा एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला, मधे बाबा, असे आम्ही साकव ओलांडला.

घर बंद राहिल्याचा दमट वास येत होता. पडवीत बाबा मेन स्विचसमोर उभे राहिले. हात वर नेला, तो खटक्यापर्यंत पोचेना. त्यांनी तो खाली घेतला आणि जरा बाजूला सरकले, जागा करून दिली. लहानपणी ज्याला शिवायचं नाही तो खटका मी पहिल्यांदा वर केला. जड होता. पडवीतला दिवा लागला. दिवसाउजेडी त्याचा उजेड असा काय पडणार, पण बाबांनी वर दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या.

"तू कधी इलंस गो बाय?"

"आत्ताच इलंय, बाबा."

जर्मनीला मी लगेच गेले नाही. वहिनीची ऑपरेशनं होऊन गुडघे बरे होईपर्यंत राहिले. लॅबमधले सहकारी प्रयोग चालवत, मी पडवीत बसून आकडे बघत असे, आणि रेंज गेली की बाबांच्या शेजारी जाऊन बसत असे. त्या दिवसांत बाबा मला कधी ओळखायचे, कधी नाही. मग मी त्याची वाट बघणं सोडलं. आता गावातलीच नीलम नावाची मुलगी त्यांच्यासोबत राहते, बाळादादा आणि वहिनीही परत आली आहेत, आणि मी जमेल तेव्हा येते. हे पुरेसं आहे का? नाही. रात्री दचकून जागी होते, आधी मोबाइल बघते. ती भीती गेलेली नाही आणि जाणार नाही. एवढंच की आता ती भीती मला परकी वाटत नाही. आजी बंदरावर उभी होती, आई खळ्यात उभी होती, मीही त्यांच्याच रांगेत उभी आहे.

उन्हाळ्यात मी माझ्या फ्लॅटवर परतले तेव्हा तिथे अंधार होता. ब्रिगिटेने सांगितल्याप्रमाणे काहीच चालू केलं नव्हतं. फ्रिजचं दार उघडं, आत कुबट वास, आणि कुंडीतली झाडं मात्र टवटवीत. बॅग दारातच टाकली आणि मोबाइलच्या उजेडात पेटी उघडली. खटके वर केले. घरघर करत फ्रिज सुरू झाला. मग मी गावाला फोन लावला. नीलमने तो बाबांच्या कानाला लावला. मी कोण ते सांगितलं, ते त्यांना कळलं की नाही कोण जाणे.

"मेन लावलंस?" त्यांनी विचारलं.

"लावलंय, बाबा."

"मगे झाला घर," ते म्हणाले.

कुठलं घर, ते मी विचारलं नाही.